स्क्वेअर फुटाचा दर की तासांचा हिशेब? नाशिकमधल्या एका लँडस्केप ऑफिसची पहिली दोन वर्षं

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकचं आहे. नोकरी सोडून स्वतःचं ऑफिस काढलेल्या एका लँडस्केप आर्किटेक्टबाईंनी फी ठरवण्याची पद्धत पहिल्याच वर्षात मुळापासून बदलली. त्यांच्या ऑफिसचे हिशेब माझ्याकडे असतात आणि त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आकडे सोयीसाठी थोडे इकडेतिकडे केलेत, पण त्यांचं एकमेकांशी प्रमाण तेच ठेवलं आहे.

बाईंचं आर्किटेक्चर झालं, पुढे पुण्यात लँडस्केपमध्ये एम.आर्क. आणि त्यानंतर तिथल्याच एका ऑफिसात सहा वर्षं नोकरी. शेवटचा पगार महिना 62,000. घरच्या कारणासाठी नाशिकला परतल्या आणि 2023 च्या गुढीपाडव्याला राहत्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिस थाटलं. सहा लाखांची शिल्लक, एक लॅपटॉप आणि दुपारनंतर येणारा एक ड्राफ्ट्समन, एवढंच भांडवल.

कागदपत्रांचं फार काही नव्हतं. कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी आधीपासून होती. उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, केली; तिला पैसे लागत नाहीत. व्यवसाय कराचे वर्षाला 2,500 भरले. सेवेची उलाढाल 20 लाखांच्या आत राहणार होती, म्हणून जीएसटी घेतला नाही. आयकराला छोट्या व्यावसायिकांसाठीचं तेव्हाचं कलम 44एडीए, म्हणजे जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरायची आणि मोकळं व्हायचं.

अवघड होता तो बाजार. आपल्याकडे बंगल्याची बाग बहुतेक वेळा नर्सरीवाला किंवा गार्डन कॉन्ट्रॅक्टर करतो आणि डिझाइन ‘फ्री’ असतं. ते फुकट कधीच नसतं. त्याचे पैसे झाडांच्या पिशव्यांत, लाल मातीत आणि लॉनच्या दरात बसवलेले असतात. पण गिऱ्हाइकाच्या डोक्यात पक्कं झालेलं असतं की चित्र काढायचे पैसे नसतात, झाडांचे असतात.

पहिल्या वर्षाची तीन कामं

बाईंनी ओळखीच्यांना विचारलं, ‘इथे काय दर चालतो?’ कुणी दहा सांगितला, कुणी पंधरा. त्यांनी स्क्वेअर फुटाला 12 रुपये धरले.

पहिलं काम गंगापूर रोडच्या एका बंगल्याचं, 1,700 स्क्वेअर फूट मोकळी जागा. फी 20,400. दुसरं एका बिल्डरचं पोडियम, म्हणजे इमारतीच्या खालच्या स्लॅबवरची बाग, 14,000 स्क्वेअर फूट, फी 1,68,000. तिसरं धरणाच्या बॅकवॉटरला लागून असलेलं एक एकराचं फार्महाउस. मालक सातपूरला छोटा कारखाना चालवणारे, बाईंच्या वडिलांच्या परिचयातले, त्यामुळे ‘काका’.

एक एकर म्हणजे 43,560 स्क्वेअर फूट. बाराने गुणलं तर सव्वापाच लाखांच्या जवळ आकडा गेला. काकांनी कागद खाली ठेवला. ‘अगं, एवढ्यात सगळी झाडं येतील! तो नर्सरीवाला डिझाइन फुकट देतोय मला.’ बाई तिथल्या तिथे दीड लाखावर आल्या, आणि तेही ‘काम संपेपर्यंत’ या बोलीवर. लिहून काहीच घेतलं नाही. काका म्हणाले, ‘आपल्यात कसली कागदं!’

सव्वापाचचे दीड होणं हा तोटा होता असं मी मानत नाही. पहिला आकडाच चुकीच्या पायावर उभा होता. एकरातला निम्म्याहून जास्त भाग नुसता राखायचा होता, तिथे डिझाइन करण्यासारखं फारसं नव्हतंच. घोटाळा झाला तो ‘काम संपेपर्यंत’ या दोन शब्दांत.

अडचण कुठे होती

डिसेंबरात बाई माझ्याकडे आल्या. काम भरपूर आहे, रविवारीही साइट असते, आणि शिल्लक सहावरून अडीच लाखांवर आली आहे. मी त्यांना एकच गोष्ट मागितली, कुठल्या कामाला किती तास गेले ते. अशी नोंद नव्हती. फोनचं कॅलेंडर, व्हॉट्सअॅपवरचे साइटचे फोटो आणि ड्रॉइंगच्या फाइलींच्या तारखा लावून आम्ही ती मागाहून तयार केली.

बंगल्याला 52 तास गेले होते. म्हणजे तासाला 392 रुपये. पोडियमला 130 तास, तासाला जवळपास 1,290. फार्महाउसचं काम संपलेलं नव्हतं, पण अंदाज 240 तासांचा निघाला. दीड लाखाला भागलं तर 625.

त्यांना धक्का बसला तो बंगल्याच्या आकड्याने. तेच काम सगळ्यात आवडीचं होतं, सगळ्यात चांगलं झालं होतं आणि सगळ्यात तोट्याचं होतं. स्क्वेअर फुटाचा दर लहान बागेला मारतो. जागा लहान असली तरी मालकीणबाईंच्या मनातली तुळस, झोपाळा, गाडीची वळायची जागा, शेजाऱ्याच्या भिंतीची ओल आणि ड्रेनेजचं चेंबर हे सगळं तितकंच असतं. आणि जागा लहान म्हणून ते एकमेकांच्या अंगावर येतं.

मग उलट बाजूने हिशेब मांडला. घरात न्यायला वर्षाला सहा लाख हवेत. सॉफ्टवेअर, प्रिंट, पेट्रोल, फोन, विमा, लॅपटॉपची झीज मिळून 2.4 लाख. ड्राफ्ट्समनचे महिना 15,000 प्रमाणे 1.8 लाख. कर आणि अडीनडीला 1.2 लाख. एकूण 11.4 लाख. सणवार, आजारपण, पावसाळ्यातले ठप्प दिवस वजा जाता वर्षाला 2,000 तास हाताशी राहतात. त्यातले निम्मेच बिलात जातात. उरलेले फोन, कोटेशन, नर्सरीच्या फेऱ्या आणि उधारी मागण्यात. म्हणजे 1,000 तासांत 11.4 लाख, तासाला 1,140. आम्ही 1,200 धरले.

नोकरीतल्या 62,000 ला 176 तासांनी भागून ‘माझा तास साडेतीनशेचा’ असं बऱ्याच जणांच्या मनात बसलेलं असतं. स्वतःच्या ऑफिसात तो आकडा तिप्पट झाल्याशिवाय भागत नाही, हे कागदावर पाहिल्याखेरीज पटत नाही.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या.

एक, स्क्वेअर फुटाचा दर वाढवायचा. सोपं, पण मूळ दुखणं तसंच.

दोन, कामाच्या खर्चाची टक्केवारी. कौन्सिलने सुचवलेले दर याच धर्तीचे आहेत, त्यामुळे वाट रूढ आहे. फार्महाउसचा अंदाजी खर्च 18 लाख होता. आठ टक्क्यांनी 1.44 लाख झाले असते, म्हणजे दीड लाखाच्या आसपासच. पण याच कामात टक्केवारीची गोम दिसली. काकांना 8,000 स्क्वेअर फूट लॉन हवं होतं. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरला रोज पाचेक लिटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाला 3,700 लिटर, आणि बोअर एप्रिलमध्ये आटतं. बाईंनी लॉन 2,000 वर आणलं आणि बाकीच्या जागेत ताम्हण, बहावा, कांचन, कडुनिंब यांची राई सुचवली, खाली पालापाचोळ्याचं आच्छादन. माती आणि स्प्रिंकलर धरून लॉन फुटाला 45 रुपये पडत होतं, त्यामुळे 2.7 लाखांचा खर्च वाचला. टक्केवारीने फी घेतली असती तर यात बाईंचे 21,600 कमी झाले असते, शिवाय राईचा आराखडा काढायला लॉनपेक्षा चौपट वेळ गेला तो वेगळाच. गिऱ्हाइकाला दिलेला सगळ्यात चांगला सल्ला आपल्याच फीला कात्री लावतो, अशी ही पद्धत. मोठ्या सरकारी कामात ती चालते, कारण तिथे खर्च आधीच मंजूर असतो.

तीन, डिझाइनसकट संपूर्ण काम अंगावर घ्यायचं. पैसा इथेच आहे, हे खरं. पण मग झाडं, माती, फरशी, मजुरी सगळं बाईंच्या वह्यांतून जाणार. एकटं फार्महाउसच 18 लाखांचं; दुसरं काम घेतलं की 20 लाखांची मर्यादा ओलांडली. नुसती झाडं विकली तर त्यांवर जीएसटी नाही, पण ती उलाढालीत मोजली जातातच, आणि नोंदणी झाली की फीवरही 18 टक्के लावावे लागतात. बंगलेवाल्याला ते परत मिळत नाहीत. शिवाय माल विकून केलेला धंदा 44एडीएत बसला नसता. हे सगळं सांभाळता येतं, पण त्याला गोडाउन, मुकादम आणि खेळतं भांडवल लागतं. अडीच लाखांत ते होत नाही.

चौथी वाट कुणी तोंडाने सांगत नाही, ती आपोआप समोर येते. फार्महाउसची झाडं पुणे-सोलापूर रस्त्याकडच्या एका नर्सरीतून यायची होती, काही मोठे नग आंध्रातल्या कडियमहून. झाडांचं बिल चार लाखांचं. नर्सरीवाल्याने फोनवर सहज सांगितलं, ‘मॅडम, तुमचे वीस टक्के वेगळे काढून ठेवलेत. कॅश पाहिजे का ऑनलाइन?’

वीस टक्के म्हणजे 80,000. फीच्या निम्म्याहून जास्त, आणि एक रेघ न ओढता.

ठरवण्याची वेळ

त्या फोननंतर बाईंनी मला विचारलं, ‘सगळेच घेतात ना?’ बरेच घेतात. मी दोन गोष्टी सांगितल्या. नोंदणीकृत आर्किटेक्टला 1989 चे आचारनियम लागू आहेत, आणि काम मिळवून दिल्याबद्दल कमिशन, सवलत किंवा भेट घेणं त्यात बसत नाही. उद्यानविद्येची पदवी घेऊन हाच व्यवसाय करणाऱ्याला हे बंधन नाही, पण बाईंना होतं. दुसरी गोष्ट धंद्याची. एकदा नर्सरीकडून घेतले की मेलेलं झाड बदलून मागताना आवाज खाली येतो.

त्यांनी नर्सरीवाल्याला सांगितलं, हे वीस टक्के बिलात सवलत म्हणून दाखवा. तो नाराज झाला. ‘मग उद्या मालक लोक थेट तोच रेट मागतील.’ शेवटी बारा टक्क्यांवर तडजोड झाली. काकांचे 48,000 वाचले. बाईंना काही मिळालं नाही.

दुसरा प्रसंग लाल मातीचा. मातीवाला डंपरला दोन ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लावत होता. बाईंनी एका फेरीत टेप लावून हौदा मोजला: दहा फूट लांब, सहा रुंद, माती अडीच फूट. म्हणजे दीडशे घनफूट, दीड ब्रास. वीस फेऱ्यांचं बिल चाळीस ब्रासचं होतं, माती आली होती तीस. ब्रासला 4,000 प्रमाणे 40,000 चा फरक. बिल दुरुस्त झालं.

त्याच आठवड्यात त्यांनी काकांकडे विषय काढला: साइटवर माझ्या ठरल्यापेक्षा खूप जास्त फेऱ्या होतायत, यापुढच्या प्रत्येक फेरीचे 3,000 द्यावे लागतील. काका चिडले. ‘माती मोजणं तुझं कामच आहे ना? आणि आपलं काय ठरलं होतं? बाबांना विचार तुझ्या.’

इथे थांबून पाहण्यासारखं आहे. लॉन, झाडं आणि माती मिळून काकांचे साडेतीन लाखांहून जास्त वाचले होते, फीच्या दुपटीपेक्षा अधिक. पण हे पैसे वाचत होते तेव्हा बाईंनी ते काकांना कधी कागदावर दाखवलं नव्हतं, त्यामुळे मागणी करताना हाती काही नव्हतं. मी सुचवलं की वाद घालू नका, एका पानावर तीन ओळी लिहा: कुठे, किती, कसे वाचले. ते पान गेल्यावर चार दिवसांनी फोन आला. सहा फेऱ्यांचे पैसे काकांनी मान्य केले, 18,000. एकूण 1,68,000, तासाला 700.

पोडियमचं अडकलेलं बिल

पोडियम तासाच्या हिशेबात सरस होतं, पण साठ टक्केच पैसे आले होते. उरलेले 67,000 ‘पझेशननंतर’, आणि पझेशन पुढे पुढे जात होतं. त्यावर बाईंचं नियंत्रण शून्य.

काम मात्र चोख झालं होतं. स्ट्रक्चरल कन्सल्टंटने स्लॅब एक फूट मातीसाठी धरला होता. ओली माती घनमीटरला 1,800 ते 2,000 किलो भरते, म्हणजे एक फुटाचे चौरस मीटरला साडेपाचशे-सहाशे किलो. ब्रोशरमध्ये मात्र घनदाट झाडं छापून झाली होती, आणि झाडाला तीन फूट माती हवी. बाईंनी झाडं तेवढी कॉलमच्या डोक्यावर उंचवटे करून लावली, कन्सल्टंटची सही घेऊन. मधल्या जागेत झुडपं आणि बसायचे कट्टे. हे ड्रॉइंग बिल्डरने जानेवारीत साइटवर राबवलं, बिल मात्र तसंच.

सुटका कायद्याने झाली, तीही जवळजवळ आपोआप. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. ते फारसं कुणी मनावर घेत नसे. पण 2023-24 या आर्थिक वर्षापासून आयकराच्या 43बी(एच) कलमामुळे मुदतीबाहेर थकवलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येईना. मार्च 2024 मध्ये बिल्डरच्या अकाउंटंटचाच फोन आला: ‘मॅडम, तुमचा उद्यम नंबर आहे का?’ होता. 28 मार्चला दहा टक्के टीडीएस कापून पैसे जमा झाले.

काय बदललं

एप्रिल 2024 पासून बाई अंदाजी तास गुणिले 1,200 असा आकडा काढतात आणि गिऱ्हाइकाला एकरकमी फी सांगतात. तास त्याला दाखवत नाहीत. मला हे पटतं. तास दाखवले की घासाघीस तासांवर सुरू होते.

पहिल्या भेटीचे 3,000, पुढे काम झालं तर फीतून वजा. भेटीतला पहिला प्रश्न बजेटचा. करार दीड पानाचा, मराठीत. कच्च्या आराखड्याला पंचवीस टक्के, लेव्हल, लागवड, ठिबक आणि मालाच्या यादीसह पक्क्या ड्रॉइंगला पंचेचाळीस, साइटला तीस. आठ फेऱ्या धरलेल्या, पुढच्या प्रत्येकीला 3,500. आराखड्यात दोनदा बदल फीत, तिसऱ्यापासून वेगळे. साइटचे तीस टक्के पझेशनशी नाही, तर लागवड पुरी होण्याशी जोडलेले. शेवटी एक ओळ: पुरवठादाराकडून मिळणारी प्रत्येक सवलत मालकाच्या बिलात दिसेल. ही ओळ वाचून काही गिऱ्हाइकं पहिल्यांदाच विचारतात, ‘म्हणजे एरवी काय होतं?’

लहान बंगल्यांचं काय करायचं, हा प्रश्न जास्त नाजूक होता. पन्नास तासांचे 60,000 कुणी देईना. तेव्हा त्यांनी वेगळंच काम आखलं: एक भेट, हाताने काढलेला एक आराखडा, झाडांची यादी, कुठून आणायची आणि कधी लावायची ते. फी 12,000, वेळ दहा तास, पुढे फेरी नाही. पहिल्याच पावसाळ्याआधी याला चांगली मागणी आली. लोकांना बहुधा एवढंच हवं होतं.

निकाल

पहिल्या वर्षी, वरची तीन आणि बाकीची कामं धरून, बिलं 5.6 लाखांची, तास 940, म्हणजे तासाला 595. दुसऱ्या वर्षी 9.8 लाख, तास 860, तासाला 1,140. ठरवलेले 11.4 लाख झाले नाहीत. त्र्यंबक रस्त्यावरच्या एका रिसॉर्टचं 2.9 लाखांचं कोटेशन ‘फ्री’ डिझाइनवाल्याकडे गेलं आणि त्या तिमाहीत खरोखर ओढाताण झाली. फोनवर 3,000 ऐकूनच निम्मे लोक गळतात. पण भेटीचे पैसे देणारे बहुतेक जण पुढे टिकतात, हे त्यांच्या वहीत स्पष्ट दिसतं.

वेगळं काय करता आलं असतं

तासांची नोंद पहिल्या दिवसापासून हवी होती, हे उघड आहे. ओळखीच्या माणसाशी लेखी करार करणं त्याहून महत्त्वाचं वाटतं. अनोळखी गिऱ्हाइकाशी बिनसलं तर एक काम जातं; काकांशी बिनसलं असतं तर वडिलांची चाळीस वर्षांची ओळख मध्ये आली असती. करार ‘ऑफिसची पद्धत आहे’ म्हणून पुढे करता येतो, तो अविश्वास ठरत नाही.

नर्सरीच्या कमिशनबद्दल लाइनमधली काही मंडळी म्हणतात की मालकाला सांगून, त्याच्या संमतीने दहा टक्के घ्यायला काय हरकत होती? उघडपणे घेतलं तर फसवणूक नाही, हे मान्य. तरीही आचारनियमांत ते बसतं असं मला वाटत नाही, आणि फी कमी सांगून ती झाडांतून भरून काढायची सवय लागते ती लागतेच.

ड्राफ्ट्समनवर आमचे मतभेद आहेत. माझ्या मते पहिल्या वर्षी तो नको होता, 1.8 लाख वाचले असते. बाई म्हणतात, त्याच्याशिवाय पोडियमची ड्रॉइंगं वेळेत गेली नसती आणि मग मार्चमधला तो फोनही आला नसता. आता त्यांना तो पूर्णवेळ हवा आहे. हातात दोन पोडियम आहेत. दोन्हींचा दुसरा हप्ता जमा होईपर्यंत थांबा, असं मी सांगितलं आहे.